५० टॅब, ८ जीबी रॅम आणि २० तारीख

प्रश्न थोडक्यात असा होता: तालुक्याच्या गावी कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी. जीएसटी, आयकर, बँका, मेल, सगळं दिवसभर ब्राउझरमध्येच. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. दुपारपर्यंत ४०-५० टॅब उघडे होतात, मशीन रखडायला लागतं, हवा तो टॅब सापडत नाही, आणि एकाच पोर्टलवर दोन ग्राहकांचं काम करताना घोळ होतो. शेवटची ओळ होती, "चांगली एक्स्टेंशन्स सुचवा."

एक्स्टेंशन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, सुचवतो, पण सगळ्यात शेवटी आणि दोनच. गेली पंधरा-सोळा वर्षं मी लहान ऑफिसांची कॉम्प्युटरं लावून देतो: सीए, वकील, लॅबवाले, झेरॉक्सबरोबर ऑनलाइन फॉर्म भरून देणारे. ब्राउझर हळू झाला अशी तक्रार आली की मी आधी एक्स्टेंशन्सची यादी उघडतो आणि त्यातली निम्मी काढून टाकतो. बऱ्याचदा एवढ्यावरच अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं सवयीचं असतं. ते लिहायला वेळ लागतो, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मी स्वतः फायरफॉक्स वापरतो, तेव्हा बटणं आणि मेनू त्यातले सांगेन. क्रोम किंवा एजमध्ये जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहीन.

आधी टॅबचं. तुमचे ५० टॅब आत्ता एकेक करून बघा. त्यातले किती खरोखर वाचायचे किंवा भरायचे आहेत? माझा अनुभव असा की सात-आठ. बाकीचे उघडे असतात ते "बंद केला तर परत सापडणार नाही" या धास्तीने. आपल्याकडे दुकानातून आलेल्या पिशव्या घड्या घालून गादीखाली ठेवतात ना, लागेल कधीतरी म्हणून, तसंच. तेव्हा टॅब कमी करायचे तर आधी ती धास्ती गेली पाहिजे, म्हणजे बंद केलेली गोष्ट दोन सेकंदांत परत आणता आली पाहिजे. त्याची सोय ब्राउझरमध्ये आधीपासून आहे आणि ती आपल्या डोळ्यांसमोरच असते: वरचा अ‍ॅड्रेस बार.

कंट्रोल-एल दाबा. कर्सर थेट अ‍ॅड्रेस बारमध्ये जातो, माउसला हात लावावा लागत नाही. आता पानाच्या नावातला कुठलाही शब्द टाइप करा. पत्ता आठवायची गरज नाही. नावातले दोन तुकडे उलटसुलट क्रमाने टाकले तरी फायरफॉक्स शोधून काढतो. ते पान आधीच एखाद्या टॅबमध्ये उघडं असेल तर यादीत "त्या टॅबवर जा" असा पर्याय दिसतो. तो निवडला की तेच पान दुसऱ्यांदा उघडत नाही. तुमच्या ५० टॅबमध्ये एकाच पोर्टलचं लॉगिन पान पाचदा उघडं असणार, मी पैज लावतो.

फायरफॉक्समध्ये याच्याही पुढची सोय आहे. अ‍ॅड्रेस बारमध्ये आधी एक चिन्ह, मग जागा सोडून शब्द. टक्क्याचं चिन्ह टाकलंत तर फक्त उघड्या टॅबमध्ये शोध होतो. चांदणी टाकलीत तर फक्त बुकमार्कमध्ये. सहाच्या आकड्यावरचं टोपीसारखं चिन्ह टाकलंत तर फक्त इतिहासात, म्हणजे हिस्टरीत. मला ही तीनच लागतात. क्रोममध्ये याच कामासाठी अ‍ॅट द रेटचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजीत टॅब्ज, बुकमार्क्स किंवा हिस्टरी असं टाइप करायचं. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं तर उघड्या टॅबची शोधायला सोपी यादीच समोर येते.

चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो हे बहुतेकांना माहीत असतं. तीनदा दाबलं की तीन टॅब परत येतात हे कमी जणांना माहीत असतं. प्रायव्हेट विंडो बंद केली तर मात्र गेलं ते गेलं.

इतिहासाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. क्रोम साधारण ९० दिवसांपर्यंतचाच इतिहास दाखवतो. गेल्या जुलैत रिटर्न भरताना सापडलेलं उपयोगी पान या जुलैत त्यात मिळणार नाही. फायरफॉक्स तुलनेने बराच मागचा ठेवतो. हे माझ्यासाठी फायरफॉक्सवर राहण्याचं एक मोठं कारण आहे. काही ऑफिसांत "बंद करताना इतिहास पुसा" हे सेटिंग कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली लावून ठेवलेलं असतं. सायबर कॅफेत ते ठीक आहे. स्वतःच्या मशीनवर तुम्ही स्वतःचीच आठवण रोज संध्याकाळी पुसता.

अ‍ॅड्रेस बार कधी कधी चुकीचंही लक्षात ठेवतो. एकदा पत्ता चुकीचा टाइप केला की पुढे महिनाभर तोच सुचवत बसतो. यादीत बाणाच्या बटणाने त्या ओळीवर जा आणि शिफ्ट-डिलीट दाबा. ओळ गेली. फॉर्म भरताना खाली उघडणाऱ्या जुन्या नोंदींनाही हेच लागू आहे. एखाद्या ग्राहकाचा चुकलेला पॅन किंवा जुना मोबाईल नंबर दर वेळी सुचवला जात असेल तर तो असाच काढा.

आता एक गोष्ट सविस्तर, कारण ती एकदा करून ठेवली की दिवसाला दहा-वीस वेळा कामी येते. तुमच्याकडे दिवसभर "त्या अमुक ट्रेडर्सची नोटीस मेलवर आली होती ना, बघा जरा" असं चालत असणार. त्यासाठी जीमेलचा एक टॅब कायम उघडा, त्यावर जा, शोधाच्या चौकटीत क्लिक करा, नाव टाका. त्याऐवजी असं करा.

जीमेल उघडून काहीही एक शब्द शोधा, समजा "चलन". आता वरच्या पत्त्याकडे बघा. शेवटी इंग्रजीत सर्च, मग तिरपी रेघ आणि मग तुमचा शब्द असा पत्ता दिसेल. तो सगळा पत्ता कॉपी करा. बुकमार्कच्या पट्टीवर राइट क्लिक करून नवा बुकमार्क जोडा आणि पत्त्याच्या रकान्यात तो पेस्ट करा. मग शेवटचा "चलन" तेवढा खोडून त्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान लिपीतला एस लिहा. खाली कीवर्ड नावाचा रकाना आहे, त्यात एकच अक्षर टाका, समजा इंग्रजी एम. सेव्ह करा.

झालं. आता कुठल्याही पानावर असताना कंट्रोल-एल, एम, जागा, नोटीस, एंटर. जीमेल उघडून शोधाचा निकाल थेट समोर येतो. तो नव्या टॅबमध्ये हवा असेल तर नुसत्या एंटरऐवजी ऑल्ट-एंटर. ऑफिसचं खातं दुसऱ्या नंबरचं असेल तर पत्त्यात इंग्रजी यू, तिरपी रेघ आणि शून्य असं जे दिसतं त्यातल्या शून्याच्या जागी एक असतं. म्हणजे दोन खात्यांसाठी दोन वेगळी अक्षरं ठेवता येतात.

हीच युक्ती गुगल ड्राइव्हला, नकाशाला, मराठी विकिपीडियाला चालते. कसोटी एकच: साइटवर काही शोधल्यावर तुमचा शब्द वरच्या पत्त्यात दिसतो का? दिसत असेल तर चालेल. कॅप्चा भरून पुढे जाणाऱ्या सरकारी साइटवर बहुधा दिसत नाही, तिथे हा नाद सोडा. क्रोममध्ये हे सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनच्या भागात आहे, साइट सर्च या नावाखाली. तिथे नाव, अक्षर आणि पत्ता असे तीन रकाने भरायचे. टक्का आणि एस तिथेही तेच.

बुकमार्क या प्रकाराचा बहुतेकांना कंटाळा असतो, कारण ते साठत जातात आणि कुणी उघडत नाही. माझा सल्ला: विषयवार फोल्डर करू नका, तारखेवार करा. तुमचं काम महिन्याच्या तारखांवर चालतं. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची रिटर्न. तेव्हा बुकमार्कच्या पट्टीवर "७", "११" आणि "२०" अशी तीन फोल्डर करा. २० च्या फोल्डरमध्ये पोर्टलचं लॉगिन पान, बँकेचं लॉगिन पान, ग्राहकांची यादी असलेली गुगल शीट, जे जे त्या दिवशी लागतं ते. २० तारखेला सकाळी त्या फोल्डरवर माउसचं मधलं बटण दाबायचं. सगळी पानं एकदम उघडतात. संध्याकाळी सगळी बंद करायची, कारण पुढच्या महिन्यात ती तशीच मिळणार आहेत हे माहीत असतं. मिरजेच्या एका ऑफिसात मी ही पद्धत लावून दिली. तिथले साहेब आता फोल्डरला "विसावी" म्हणतात, "विसावी उघड रे" असा आवाज येतो.

बुकमार्क करताना लॉगिनचं पान करा, लॉगिन झाल्यानंतरचं नको. आतल्या पानाचा पत्ता त्या बैठकीपुरता असतो, दुसऱ्या दिवशी तो उघडला की "सेशन संपलं" असं येतं आणि माणूस म्हणतो बुकमार्क चालत नाही. आणि बुकमार्कला नाव आपल्या भाषेत द्या. साइटचं मूळ नाव इंग्रजीत हातभर लांब असतं. ते खोडून "जीएसटी लॉगिन" लिहा, अ‍ॅड्रेस बारमध्ये तेच शब्द शोधले जातात. बँकेच्या साइटवर तर नेहमी स्वतःच्या बुकमार्कवरूनच जा. गुगलवर बँकेचं नाव टाकून वर दिसेल त्या पहिल्या लिंकवर क्लिक करायची सवय घातक आहे, वरच्या ओळी जाहिरातीच्या असू शकतात आणि जाहिरात कुणीही देऊ शकतं.

आता तुमच्या प्रश्नातला खरा दुखरा भाग: एकाच पोर्टलवर दोन ग्राहक.

एका ऑफिसात घडलेलं सांगतो. तिथल्या मुलीने एका ग्राहकाचं लॉगिन इन्कॉग्निटो, म्हणजे प्रायव्हेट, विंडोमध्ये उघडलं. दुसऱ्याचं काम आलं म्हणून दुसरी इन्कॉग्निटो विंडो उघडून त्याचं लॉगिन केलं. दोन विंडो, दोन ग्राहक, असा तिचा समज. मग पहिल्या विंडोत परत जाऊन तिने पीडीएफ उतरवून घेतली आणि पहिल्या ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅप केली. पीडीएफ दुसऱ्याची होती. दोघे एकाच बाजारपेठेतले, एकाच मालाचे व्यापारी. पुढे काय झालं ते सांगत नाही.

चूक तिची नव्हती, समज चुकीचा होता. दोन इन्कॉग्निटो विंडो एकमेकींपासून वेगळ्या नसतात. सगळ्या खासगी विंडो मिळून एकच कप्पा असतो आणि त्यात कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या, सामाईक असतात. लॉगिन कुणाचं आहे हे साइट कुकीवरून ओळखते. दुसऱ्या विंडोत नवं लॉगिन केलं की पहिल्या विंडोतलंही तेच झालं, फक्त स्क्रीनवर जुनं नाव दिसत राहिलं. एक साधी आणि एक इन्कॉग्निटो अशा दोन विंडो चालतात. तिसरा ग्राहक आला की संपलं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला प्रोफाइलचा. क्रोम आणि एजमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या (क्रोममध्ये उजव्या, एजमध्ये डाव्या) गोल चित्रावर क्लिक करून नवं प्रोफाइल करता येतं. प्रत्येक प्रोफाइलचे कुकी, इतिहास, बुकमार्क, पासवर्ड आणि एक्स्टेंशन्स पूर्ण वेगळी. प्रत्येकाला वेगळा रंग द्या, विंडोची वरची पट्टीच त्या रंगाची होते. ग्राहकागणिक प्रोफाइल करायच्या भानगडीत पडू नका, शंभर ग्राहकांना शंभर प्रोफाइल होणार नाहीत. "काम १", "काम २", "काम ३" आणि "घरचं" अशी चार पुरतात. एका वेळी एका प्रोफाइलमध्ये एकच ग्राहक. पुढच्याचं काम घेण्याआधी लॉगआउट, हा नियम. घरचं प्रोफाइल वेगळं ठेवण्याचा फायदा असा की साहेब पाठीमागे उभे असताना अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन अक्षरं टाकली की लग्नाच्या शालूंची दुकानं दिसायला लागत नाहीत.

दुसरा उपाय फक्त फायरफॉक्समध्ये आहे आणि मला तो जास्त आवडतो: मल्टी-अकाउंट कंटेनर्स. हे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं स्वतःचं एक्स्टेंशन आहे. एकाच विंडोत वेगवेगळ्या रंगांचे टॅब उघडता येतात आणि प्रत्येक रंगाचे कुकी वेगळे. निळ्या टॅबमध्ये एक ग्राहक, हिरव्यात दुसरा, केशरीत तिसरा, शेजारी शेजारी. टॅबवर रंगाची रेघ आणि अ‍ॅड्रेस बारमध्ये कंटेनरचं नाव दिसत राहतं. पीडीएफ उतरवण्याआधी एकदा रंगाकडे नजर टाकायची. फक्त हे लक्षात ठेवा की कंटेनरमध्ये कुकी वेगळे असतात, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड सामाईकच राहतात.

पासवर्डचा विषय निघालाच आहे तर: ग्राहकांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवत असाल तर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डवरचं एक कुलूप, लावा आणि चहाला उठताना विंडोज-एल दाबून स्क्रीन लॉक करा. एवढंही होत नसेल तर साठवू नका.

याच अंगाने आणखी एक सेटिंग आजच बदला. "फाइल कुठे सेव्ह करायची ते दर वेळी विचारा." ते सेटिंग्जमध्ये डाउनलोडच्या भागात आहे, तिन्ही ब्राउझरमध्ये. लोकांना आधी ते कटकटीचं वाटतं. पण डाउनलोड फोल्डरमध्ये एकाच नावाच्या, पुढे कंसात १, २, ३ असलेल्या चौदा फाइली बघितल्या की पटतं. सेव्ह करतानाच ग्राहकाच्या फोल्डरमध्ये टाकायची, नाव बदलायचं, विषय संपला.

मशीन जड होण्याबद्दल. टॅबची संख्या बघू नका, वजन बघा. शिफ्ट-एस्केप दाबा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिघांतही ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती मेमरी खातो ते ओळीने दिसतं. नुसत्या मजकुराची वीस पानं एका मोठ्या ऑनलाइन शीटपेक्षा हलकी असतात. पहिल्या पाचात बहुतेक वेळा जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, एखादी बातम्यांची साइट आणि एखादं एक्स्टेंशन सापडतं. बातम्यांचा टॅब कोण उघडा ठेवतं ते विचारू नका.

तिन्ही ब्राउझर आता न वापरलेले टॅब झोपवतात. एजमध्ये त्याला स्लीपिंग टॅब्ज म्हणतात, क्रोममध्ये मेमरी सेव्हर. फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत टॅबवर राइट क्लिक करून तो मेमरीतून उतरवता येतो, टॅब जागेवर राहतो, क्लिक केलं की पुन्हा लोड होतो. एक इशारा: अर्धा भरलेला फॉर्म असलेला टॅब झोपला तर उठल्यावर तो कोरा असू शकतो. म्हणून क्रोम आणि एजमध्ये रिटर्नचं पोर्टल आणि बँक "कायम जागे ठेवा" या यादीत घाला. आणि जुना गावठी उपाय आजही चालतो. फायरफॉक्समध्ये "मागचे टॅब उघडा" हे सेटिंग लावून दुपारी जेवायला जाताना ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर सगळे टॅब दिसतात, पण ज्यावर क्लिक कराल तोच लोड होतो. ४० टॅब असून मशीन हलकं.

टॅब उभे करून बघा. डाव्या बाजूला यादीसारखे टॅब एजमध्ये २०२१ पासून आहेत आणि फायरफॉक्समध्ये मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून. आडव्या पट्टीत वीस टॅब झाले की नावाऐवजी नुसतं चित्र उरतं, आणि एकाच पोर्टलचे सहा टॅब असतील तर चित्रही तेच. उभ्या यादीत नावं पूर्ण वाचता येतात. लॅपटॉपचा स्क्रीन नाहीतरी रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. पहिले दोन दिवस हात वर जातो, मग सवय होते.

मराठी वाचताना डोळे ताणावे लागत असतील तर तेही ब्राउझरमध्येच सुधारतं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, फॉन्ट, अ‍ॅडव्हान्स्ड असं गेलात की वर लिपी निवडायची सोय आहे. तिथे देवनागरी निवडा आणि फॉन्ट आपल्या पसंतीचा द्या. विंडोजमध्ये निर्मला असतोच. मी नोटो सान्स देवनागरी टाकून घेतला आहे. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट करणाऱ्यांचा मुक्ताही छान वाचता येतो, आणि दोन्ही फुकट आहेत. त्याच जागी किमान आकार ठरवता येतो. देवनागरीला मात्रा-वेलांट्यांमुळे इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते, म्हणून मी देवनागरीचा किमान आकार १६ ठेवतो. इंग्रजी आहे तसंच राहतं. क्रोममध्ये लिपीगणिक वेगळं ठरवायची सोय मुख्य सेटिंगमध्ये नाही, तिथे सगळ्यालाच एक किमान आकार द्यावा लागतो. एखाद्या साइटपुरतं मोठं करायचं असेल तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. त्या साइटचा आकार ब्राउझर पुढच्या वेळी लक्षात ठेवतो.

नोटिफिकेशन: सेटिंग्जमध्ये परवानग्यांच्या भागात जाऊन नव्या विनंत्या सरसकट बंद करा आणि आधी परवानगी दिलेल्यांची यादी रिकामी करा. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले" म्हणत उजव्या कोपऱ्यात येणारे चौकोन बहुतेक वेळा इथून येतात. त्यासाठी अँटिव्हायरस विकत घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

आता एक्स्टेंशन्स. ग्राहकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन म्हणजे दुकानात ठेवलेला अनोळखी नोकर. घालताना "सर्व साइटवरचा डेटा वाचण्याची व बदलण्याची परवानगी" असं विचारलं जातं, आणि आपण न वाचता हो म्हणतो. सर्व साइट म्हणजे बँकही आली. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक फार लोकप्रिय एक्स्टेंशन होतं, नेमकं तुमच्याच दुखण्यावरचं: न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं. वीस लाखांहून जास्त लोक ते वापरत होते. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याच्या हाती दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते सगळ्यांच्या क्रोममधून बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. एकदा घातलेलं एक्स्टेंशन स्वतःहून अपडेट होतं आणि मालक बदलला तरी आपल्याला कुणी कळवत नाही.

तेव्हा दोन. एक वर सांगितलेलं कंटेनर्स. दुसरं यूब्लॉक ओरिजिन, जाहिराती आणि ट्रॅकर, म्हणजे आपला माग ठेवणारा कोड, अडवणारं. जाहिराती गेल्या की पानं हलकी होतात आणि फसव्या "डाउनलोड" बटणांवर बोट पडत नाही. मूळ यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्समध्ये पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची हलकी आवृत्ती, यूब्लॉक ओरिजिन लाइट, घ्यावी लागते. सारख्या नावाची नकली एक्स्टेंशन्स असतात, नाव अक्षर अक्षर तपासून घ्या. एखाद्या पोर्टलचं बटण दाबूनही काही होत नसेल तर आधी त्या साइटपुरतं ते बंद करून बघा. अर्ध्या वेळा पॉप-अप अडवला गेलेला असतो, अ‍ॅड्रेस बारच्या टोकाला त्याची छोटी खूण दिसते.

सजावटीबद्दल विचारलं नाहीत, तरी एक कबुली. मी बरीच वर्षं फायरफॉक्सचं रूप आतून बदलून वापरत होतो. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये स्वतःची सीएसएस फाइल ठेवायची, टॅबची उंची कमी करायची, नको ती बटणं गायब करायची. दिसायचं झकास. दर दोन-चार अपडेटला काहीतरी मोडायचं आणि माझा रविवार जायचा. आता फक्त राइट क्लिक करून "टूलबार कस्टमाइझ करा" एवढंच करतो आणि नको ती बटणं ओढून बाहेर टाकतो. आतल्या सेटिंगपैकी एकच बदलतो. अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत अबाउट, कोलन, कॉन्फिग टाइप केलं की एक इशारा येतो. तो मान्य करून शोधात क्लोज विंडो विथ लास्ट टॅब हे शब्द सलग, जागा न सोडता टाका आणि समोरचं ट्रूचं फॉल्स करा. शेवटचा टॅब बंद केला तरी विंडो बंद होत नाही. तिथल्या बाकीच्या ओळींना हात लावू नका, निदान २० तारखेच्या आधी तरी.

एखादी जुनी साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालते असं कुणी सांगितलं, तर तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला आहे. त्याऐवजी एजच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझरच्या भागात इंटरनेट एक्सप्लोरर मोड आहे, त्या यादीत साइट घाला. ही नोंद ३० दिवसांनी संपते, म्हणजे महिन्यातून एकदा ती साइट अचानक "बिघडते". बिघडलेली नसते, पुन्हा यादीत घालायची असते.

आणि लॅपटॉप फॉरमॅटला द्यायच्या आधी, कारण दुरुस्तीवाला "सगळा डेटा घेतला" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढंच असतं: कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा. बुकमार्कची खिडकी उघडेल. त्यातून एचटीएमएल फाइल बाहेर काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. ती कुठल्याही ब्राउझरमध्ये परत घालता येते. प्रोफाइल वेगवेगळी केली असतील तर प्रत्येकातून वेगळी फाइल काढावी लागेल. पासवर्ड या फाइलमध्ये येत नाहीत. तुम्ही नेमलेली एम वगैरे अक्षरं त्यात येतीलच असं गृहीत धरू नका, ती यादी कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवा.